कुंपणाला १३ सेंटीमीटरचं भोक

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहत असाल आणि मागच्या बागेत रात्री हेजहॉग येत असतील, तर त्यांना काय खायला घालावं हे सांगणारे शंभर जण भेटतात. कुंपण नेमकं कोणाच्या मालकीचं, घरमालकाची परवानगी कशी काढायची, भर दुपारी पिल्लू दिसलं तर फोन कोणाला करायचा, हे मात्र आम्हाला तुकड्यातुकड्याने जमवावं लागलं. एप्रिल २०२४ ते एप्रिल २०२५ असं आमचं वर्ष त्यात गेलं. ते झालं तसं लिहून ठेवते.

आम्ही रेडिंगजवळ एका जोडघरात राहतो. मागे लांबट बाग, तिन्ही बाजूंनी लाकडी कुंपण. एप्रिलच्या मध्यावर हिरवळीवर करंगळीएवढी, काळीकुळकुळीत विष्ठा दिसायला लागली. नवऱ्याने मांजरावर आळ घेतला. मी काडीने ती उकरून पाहिली (आमच्या घरी असली कामं माझ्याकडेच असतात) तर आत भुंग्यांच्या पंखांचे चमचमणारे तुकडे होते. मांजर भुंग्यांवर जगत नाही. हालचाल झाली की आपोआप चित्रण करणारा ट्रेल कॅमेरा, जुना, वापरलेला, ३५ पौंडांना घेतला आणि कुंडीमागे ठेवला. पहिल्याच रात्री बाजूच्या फाटकाखालून एक काटेरी गोळा आत शिरताना दिसला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायचं तर हा साळिंदराचा लहान भाऊ नव्हे. साळिंदर उंदराच्या कुळातलं, हेजहॉग नात्याने चिचुंद्रीच्या जवळचा. वजन साधारण किलोच्या आत-बाहेर, अंगावर पाच-सात हजार काटे. रात्री एक-दोन किलोमीटर सहज फिरतो आणि भुंगे, सुरवंट, गांडुळं खातो. ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या २०२० च्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. २०२२ च्या अहवालानुसार २००० पासून ग्रामीण भागातली त्यांची संख्या ३० ते ७५ टक्क्यांनी घटली, शहरांत मात्र थोडी सावरताना दिसते. म्हणजे आमच्यासारख्यांच्या बागा त्यांना खरोखरच उपयोगी पडतात.

मेच्या मध्यावर एका रात्री नवरा म्हणाला, “अगं, बाहेर कोणीतरी घोरतंय.” स्वयंपाकघरातला दिवा घालवून खिडकीला नाक लावलं. हिरवळीच्या मधोमध एक हेजहॉग मान खाली घालून बसलेली आणि दुसरा तिच्याभोवती गोल गोल फिरतोय. तो आवाज म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची फुसफुस. तो जवळ आला की ती अंग वळवून काटे त्याच्याकडे करायची, की हा परत चक्कर सुरू करायचा. तासाभराने आम्ही कंटाळून झोपलो, त्यांचं चालूच होतं. सकाळी गवत गोलाकार दबलेलं होतं.

हे व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिचं पहिलं वाक्य, “एवढासा जीव, वाटीभर दूध ठेव की गं.” दूध त्यांना पचत नाही, जुलाब होतात आणि त्यात ते मरूही शकतात, असं सांगितलं. “मांजराला चालतं ते याला का नाही?” यावर आमचं बरंच बोलणं झालं. पाव, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बियाही नकोत. वाळवलेल्या अळ्यांची पाकिटं हेजहॉगचं चित्र छापून विकली जातात, तीही घेऊ नका. त्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार कमी असतं; त्यावरच पोसलेल्या प्राण्यांची हाडं ठिसूळ होतात. मांजराच्या पिल्लांचं मांसाहारी कोरडं खाद्य आणि पसरट बशीत पाणी, बस्स. पाणी बारा महिने ठेवायचं. खाणं मांजराने पळवू नये म्हणून प्लास्टिकचा मोठा खोका उलटा घालून त्याला १३ बाय १३ सेंटीमीटरचं दार कापलं, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावली आणि दारासमोर हेजहॉगला वळून आत जाता येईल एवढं अंतर सोडून वीट ठेवली. मांजराला तेवढ्या जागेत वळता येत नाही. वर दगड, नाहीतर कोल्हा उलथून टाकतो.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. अडचण कॅमेऱ्यात दिसत होती: येणारा प्रत्येक हेजहॉग त्या एकाच फाटकाखालून यायचा आणि तिथूनच परत जायचा. फाटकापलीकडे रस्ता आहे. मागच्या बाजूला ओळीने बागा पसरलेल्या, पण मधे कुंपणं. ‘हेजहॉग स्ट्रीट’ नावाची मोहीम २०११ पासून लोकांना हेच सांगते आहे, की शेजाऱ्याशी बोला आणि कुंपणाला १३ सेंटीमीटर लांबी-रुंदीचं भोक पाडा. हेजहॉग त्यातून जातो, बहुतेक कुत्री जात नाहीत. मालकीचं घर असेल तर हे एका शनिवारचं काम आहे. आम्ही भाडेकरू.

पहिला प्रश्न, कुंपण कोणाचं? इथे ज्याला विचाराल तो छातीठोकपणे सांगतो, की घराकडे तोंड करून डावीकडचं तुमचं. असा कुठलाही सर्वसाधारण नियम नाही. लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून कोणीही, अगदी भाडेकरूसुद्धा, घराची मालकी-नोंद आणि नकाशा विकत घेऊ शकतो. तेव्हा प्रत्येकी ३ पौंड पडले. डिसेंबर २०२४ पासून प्रत्येकी ७ झालेत. संकेतस्थळ सरकारीच आहे ना ते बघा, कारण हीच कागदपत्रं कितीतरी पट पैसे घेऊन देणारे मध्यस्थ शोधात सगळ्यात वर दिसतात. नकाशावर हद्दीच्या रेषेला ‘टी’ अक्षरासारखी खूण असेल तर ती ज्या बाजूला आहे, त्या घराची ती हद्द. आमच्या नकाशावर एकाच बाजूला टी होती, शेजारच्या आजींच्या बाजूला. मागच्या कुंपणाबद्दल कागद गप्प. असं बऱ्याचदा असतं म्हणे. मग शेजाऱ्याशी बोलून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं.

दुसरा प्रश्न लेटिंग एजन्सीचा, म्हणजे घरमालकाच्या वतीने भाड्याचं सगळं बघणाऱ्या कंपनीचा. २० मे रोजी मी सविस्तर ईमेल पाठवली. लगेच यंत्राचं उत्तर आलं, की पाच कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू. दोन आठवड्यांनी माणसाचं आलं: “भाडेकरारानुसार पाळीव प्राणी ठेवण्यास परवानगी नाही.” हे वाचून आधी हसले आणि मग खरंच वैतागले. हे प्राणी आमचे नाहीत, रानटी आहेत, १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना काही प्रमाणात संरक्षण आहे, आणि आम्हाला फक्त कुंपणाची एक फळी कापायची आहे, असं परत लिहिलं. मग प्रकरण ‘दुरुस्ती’ विभागाकडे गेलं. त्यांनी कुंपण कुठे मोडलंय त्याचा फोटो मागितला. कुंपण मोडलेलं नाही, आम्हाला मोडायचं आहे, हे फोनवर समजावून सांगताना पलीकडची मुलगीसुद्धा हसायला लागली. तिनेच मग घरमालकांकडे विषय नेला.

परवानगी जुलैच्या मध्यावर आली. अटी तीन: शेजाऱ्यांची लेखी संमती, कापलेला तुकडा जपून ठेवणं, आणि घर सोडताना स्वखर्चाने तो बसवून देणं. तुम्ही अर्ज करणार असाल तर या गोष्टी पहिल्याच ईमेलमध्ये घालून टाका. भोकाचं माप, ज्या फळीला पाडणार तिचा फोटो, खर्च कोण करणार, पूर्ववत कोण करणार, शेजाऱ्यांची सहीची चिठ्ठी. विषयाच्या ओळीत ‘हेजहॉग’ लिहूच नका. ‘कुंपणात किरकोळ बदलासाठी घरमालकाची संमती’ असं लिहिलंत तर ती ईमेल योग्य माणसाकडे जाण्याची शक्यता जास्त.

शेजारच्या आजींनी सही लगेच दिली. त्यांची शंका एवढीच होती की त्यांचा टेरियर कुत्रा त्यातून पळेल का. पुठ्ठ्याला माप घेऊन भोक पाडलं आणि टेरियरसमोर धरलं. डोकं गेलं, खांदे अडकले. प्रश्न मिटला. मागचे गृहस्थ मात्र कठीण. त्यांचं म्हणणं, खाणं ठेवलंत की उंदीर येणार. मला ते गैर वाटलं नाही, कारण उंदीर खरंच येतात. आमचं असं ठरलं, की खाणं अंधार पडल्यावर ठेवायचं, रात्रीत संपेल एवढंच ठेवायचं आणि बशी सकाळी उचलून धुवायची. उंदीर कॅमेऱ्यात दिसला तर काही दिवस खाणं बंद. हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं. कुंपणाला हात लावू देणार नाही, खालून काय करायचं ते करा, इथवर ते आले.

खालून म्हणजे काँक्रीटच्या फळीखालून. इकडच्या बऱ्याच कुंपणांना तळाशी १५ सेंटीमीटर उंचीची काँक्रीटची आडवी फळी असते, लाकूड कुजू नये म्हणून. ती कापायच्या फंदात पडू नये. भोक असलेल्या तयार फळ्या मिळतात, पण त्यासाठी वरचं पॅनेल उचलावं लागतं. आम्ही फळीखाली उथळ खळगा खणला, दोन्ही बाजूंना सौम्य उतार ठेवला, कडा ढासळू नयेत म्हणून अर्ध्या विटा लावल्या. आमची माती चिकणमाती. पहिल्या पावसात त्यात डबकं झालं. मग आणखी खोल खणून तळाला जाड खडी घातली, तेव्हा पाणी जिरायला लागलं. आजींच्या बाजूचं लाकडी भोक अर्ध्या तासात झालं: चार कोपऱ्यांना ड्रिलने छिद्रं, मग अरुंद पात्याची करवत, मग कडा घासून गुळगुळीत. कापलेला चौकोनी तुकडा मागे तारीख टाकून शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. करवत, खडी, विटा धरून २५ पौंडांच्या आत भागलं.

ऑगस्टमध्ये दोन्ही वाटांवर वर्दळ सुरू झाली. दोन्ही भोकं ‘बिग हेजहॉग मॅप’ या नकाशावर नोंदवली. ते फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतं. बाकी बागेत फार काही करायचं नसतं, उलट काही कामं न केलेली बरी. एक कोपरा तसाच वाढू दिला. पाला जाळला नाही. गवत कापायचं यंत्र झुडपाखाली घालण्याआधी तिथे हाताने चाचपून बघायचं, कारण हेजहॉग धोका वाटला की पळत नाही, जागच्या जागी गोळा होतो, आणि यंत्राच्या दोरीने होणाऱ्या जखमा फार वाईट असतात. मटारच्या वेलांची जाळी जमिनीपासून वर उचलून बांधली. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर २०२२ पासून बंदी आहे, पण जुने डबे लोकांच्या शेडमध्ये असतात. आमच्या शेडमध्ये आधीच्या भाडेकरूंचा निघाला. तो कचऱ्यात न टाकता कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला.

मग आला २६ ऑक्टोबर, घड्याळं मागे जायच्या आदला शनिवार. दुपारी एकच्या सुमारास लेक ओरडत आत आली. शेडच्या भिंतीपाशी, उन्हात, मुठीएवढं पिल्लू पाय फाकवून पडलेलं. उठायचं, दोन पावलं डुलत टाकायचं, परत बसायचं. दिवसा उघड्यावर पडलेला हेजहॉग बहुतेक वेळा अडचणीत असतो. उन्हाळ्यात मादी घरट्यासाठी पाला गोळा करताना दिवसाही दिसते, पण तिच्या चालण्यात काम दिसतं. हे पिल्लू नुसतं पडलेलं होतं. उशिरा जन्मलेल्या पिल्लांचं असं होतं. थंडी येते, किडे संपतात आणि अंगावर चरबी नसते. ४५० ग्रॅमच्या खाली वजन असेल तर शीतनिद्रेतून उठण्याची आशा फार कमी.

बागकामाचे हातमोजे घालून मी त्याला उचललं. काटे टोचले नाहीत, कारण त्याने अंग आवळलंच नाही. भीती वाटली ती त्याचीच. उंच पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल, त्याखाली अर्ध्या भागात गरम पाण्याची पिशवी, म्हणजे जास्त गरम वाटलं तर बाजूला सरकता येतं. पिशवी गार होऊ द्यायची नाही. गार पिशवी अंगातली ऊब शोषून घेते. गारठलेल्या प्राण्याला अंग तापल्याशिवाय खायला घालायचं नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, २८४ ग्रॅम.

फोनची बाजू लेकीच्या बाबाने सांभाळली. प्राण्यांवर उपचार करणारं जवळचं एक केंद्र भरलेलं, दुसऱ्याच्या फोनवर निरोप ठेवायलाही जागा नाही. मग ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटीला फोन लावला. ही संस्था १९८२ पासून आहे आणि तुमच्या भागात कोण हेजहॉग सांभाळतं त्याची माहिती देते. तिथून मिळालेल्या नंबरवर एक बाई लगेच बोलल्या. पहिले प्रश्न वजन, माशी बसतेय का, अंडी दिसतात का. तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी काट्यांच्या मुळाशी असतील तर तासही थांबता येत नाही. कोणीच उचललं नाही तर पशुवैद्याकडे न्यायचं. जखमी रानटी प्राण्याच्या प्रथमोपचाराचे सहसा पैसे घेत नाहीत, पण निघण्याआधी फोन करून विचारून घ्या.

त्या बाई निवृत्त परिचारिका. घरामागच्या शेडमध्ये रांगेने पिंजरे, प्रत्येकावर क्रमांक, वजनाचा तक्ता आणि वर्तमानपत्रांचा वास. आधी अर्ज भरायचा: कुठे सापडलं, तारीख, वेळ, कोणत्या अवस्थेत, आसपास कुत्रा आहे का, हेजहॉगची शिकार करणाऱ्या बॅजरचं बीळ आहे का. खाली एक ओळ होती, की उपचार शक्य नसतील तर वेदना न होऊ देता संपवण्याचा निर्णय केंद्र घेईल, याला मान्यता. लेक शेजारीच उभी होती. सही केली आणि गाडीत बसल्यावर तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत रिकामा खोका मांडीवर धरून बसली होती.

शुल्क नव्हतं. देणगीच्या डब्यात २० पौंड टाकले. पुढे कळलं की त्यांना पैशांइतकीच गरज जुनी वर्तमानपत्रं आणि मांजरांच्या खाद्याच्या डब्यांची असते. जाताना फोन करून काय संपलंय ते विचारलेलं बरं.

पहिला आठवडा वाईट गेला. वजन २६८ वर उतरलं, विष्ठेच्या नमुन्यात फुप्फुसातल्या कृमींची लागण निघाली. ती गोगलगायी आणि गांडुळं खाऊन होते. इंजेक्शनं सुरू झाली. बाई आपणहून कळवायच्या नाहीत आणि मीही रोज विचारायचं नाही असं ठरवलं होतं. एकटी बाई इतके प्राणी सांभाळते, तिने निरोप कधी पाठवायचे? पुढच्या आठवड्यात ५ नोव्हेंबर आला, इथली शेकोट्या पेटवायची रात्र. शेकोट्यांसाठी रचलेल्या लाकडांत हेजहॉग शिरतात. आजींच्या नातवंडांनी शेकोटी पेटवायच्या दिवशीच रचली आणि आम्ही टॉर्च घेऊन तळ तपासला. काही नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला निरोप आला, ४१० ग्रॅम. जानेवारीत ६०० ओलांडले. मला वाटलं आता परत मिळेल. पण बाहेर थंडी कडाक्याची असताना उबेतल्या प्राण्याला सोडत नाहीत, वसंताची वाट पाहायची. तोवर नवऱ्याने उरलेल्या फळ्यांचं घर केलं. आत आडवी भिंत, म्हणजे मांजराचा पंजा पोचत नाही, तोंड उत्तरेला नाही, वर पानांचा ढीग. कोरडा पाला आम्ही घराबाहेर ठेवला. आत नेऊन अंथरायचं काम त्यांचं ते करतात.

मार्चअखेर बाईंचा फोन, सोडण्याआधीची प्रश्नावली. तळ्यातून वर यायला उतार आहे का, शेजारी विषारी गोळ्या वापरतात का, काही आठवडे खाणं-पाणी ठेवाल का, बागेतून पुढे वाट आहे का. शेवटच्या प्रश्नाला मी भोकांचे फोटो पाठवले. जिथे सापडला तिथेच सोडायचं हा त्यांचा नियम, पण जागा धोक्याची असेल तर दुसरी शोधतात.

१२ एप्रिलला संध्याकाळी आठच्या सुमारास त्या घेऊन आल्या. वजन ७३०. पाठीवरच्या काही काट्यांना निळ्या नळीचे बारीक तुकडे, ओळखण्यासाठी. काटे गळतात तशी ती खूणही जाते. खोका घराच्या तोंडाशी लावला. त्याने नाक बाहेर काढलं, आमच्या सगळ्यांचा वास घेतला असावा, आणि नवऱ्याच्या घरात न शिरता सरळ कुंपणाच्या दिशेने निघाला. “घर आवडलं नाही वाटतं,” लेक म्हणाली. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढच्या काही रात्रींत निळी खूण मागच्या खळग्यातून येताना-जाताना दिसली. ती चित्रफीत मी मागच्या गृहस्थांना पाठवली. त्यांनी विचारलं, त्यांच्या पलीकडच्या कुंपणालाही असं काही करता येईल का, आणि ते कोणाचं असेल. लँड रजिस्ट्रीचा पत्ता दिला, ७ पौंडांचं सांगितलं.

मे महिन्यात एजन्सीची सहामाही तपासणी झाली. अहवालात बाग या सदराखाली लिहून आलं, ‘कुंपणास नुकसान, एक चौकोनी भोक, भाडेकरूकडून दुरुस्ती अपेक्षित.’ जुलैची परवानगी, आजींची चिठ्ठी आणि शेडमधल्या तुकड्याचा फोटो जोडून परत पाठवलंय. पाच कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू, असं उत्तर आलेलं आहे.